टॅलिस आणि रात्रीची प्रार्थना

राजांची कारकीर्द बखरींत सापडते. त्यांच्या पदरी गाणाऱ्यांची हकिकत मात्र जमाखर्चाच्या वहीत शोधावी लागते. आज आम्ही श्रोत्यांपुढे अशीच एक नोंद ठेवणार आहोत.

आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ मोडीत काढले. त्यांतला शेवटचा, वॉल्थमचा मठ, मार्च १५४० मध्ये बंद झाला. तेथील चाकरीतले गायक थॉमस टॅलिस यांच्या हाती पगाराचे २० शिलिंग आणि बक्षिसाचे २० शिलिंग पडले. मठातील संगीतशास्त्राची एक हस्तलिखित पोथी त्यांच्याजवळ राहिली. तिच्या शेवटच्या पानावर त्यांची सही आहे. बंद कारखान्याच्या फाटकाबाहेर हिशेब घेऊन उभे असलेले कामगार आम्ही पाहिले आहेत; म्हणून हा आकडा आम्हांस कोरडा वाटत नाही.

पुढे टॅलिस कँटरबरीस व तेथून राजाच्या प्रार्थनामंदिरात गेले. हेन्री, एडवर्ड, मेरी व एलिझाबेथ अशा चार राजवटी त्यांनी पाहिल्या. राज्यकर्ता बदलला की प्रार्थनेची भाषाही बदले. कधी लॅटिन, कधी इंग्रजी. धनी बदलले, पण गाणारा तोच राहिला.

‘ते लुकिस आंते तेर्मिनुम’ हे लॅटिन स्तोत्र दिवसाच्या अखेरच्या उपासनेत, निजण्यापूर्वी म्हणत. टॅलिस यांनी त्याच्या दोन पाच-आवाजी रचना केल्या. पहिले व तिसरे कडवे सर्वांनी एका सुरात, जुन्या चालीवर म्हणायचे. दुसऱ्यात पाच आवाज एकमेकांत गुंफले जातात आणि जुनी चाल वरच्या आवाजात चालू राहते. कडवी अशी आळीपाळीने गाणे ही त्या काळची रूढीच होय. तथापि ते दुसरे कडवे वाईट स्वप्ने व रात्रीची भीती दूर ठेव, असे मागणारे आहे. भीतीच्या वेळी पाच आवाज एकत्र येतात, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

१५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात ही अखेरची उपासना स्वतंत्र उरली नव्हती. तरीही १५७५ मध्ये टॅलिस व त्यांचे तरुण सहकारी विल्यम बर्ड यांनी छापलेल्या लॅटिन संग्रहात या रचना आल्या. एलिझाबेथने दोघांना संगीत छापण्याचा २१ वर्षांचा मक्ता दिला होता. संग्रहात प्रत्येकाच्या १७ रचना होत्या, कारण राणीच्या राज्याचे ते १७ वे वर्ष होते. मानाचा मक्ता आतबट्ट्याचा ठरला. १५७७ मध्ये दोघांनी मिळून राणीकडे अर्ज केला. वृद्ध टॅलिस यांची सुमारे ४० वर्षांची चाकरी आणि छपाईतला तोटा त्यांनी त्यात मांडला, तेव्हा त्यांना जमिनींचा पट्टा मिळाला.

थोर कलावंतालाही म्हातारपणी अर्ज करावा लागला, आणि तो त्याने एकट्याने केला नाही. १५८५ मध्ये टॅलिस वारले. वॉल्थमचा मठ पुन्हा भरला नाही. पण त्यांची ही रात्रीची प्रार्थना वृंदगायक आजही गातात. ती ऐकताना देवाबरोबर त्या २० शिलिंगांचीही आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.