परीक्षा एक, वाटा अनेक

श्रोतेहो, नोकरी गुणांवर मिळावी, वशिल्यावर नको, हे आपल्या सर्वांना पटते. पण गुण तोलणारा तराजू तरी सरळ आहे ना, हेही पाहावे लागते. त्याचीच ही एक जुनी हकीकत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत हिंदुस्थानातल्या वरच्या मुलकी जागा संचालकांच्या मर्जीने भरत. पुतण्या-भाच्यांची सोय होई. १८५३ च्या कायद्याने हा वशिला मोडला आणि १८५५ पासून लंडनला खुली परीक्षा सुरू झाली. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही.

पण जरा आत शिरून पाहा. परीक्षा लंडनला! म्हणजे बोटीचे भाडे, तिथला खर्च, वर समुद्र ओलांडला म्हणून वाळीत पडायची धास्ती. विषय पाहावेत तर पहिल्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. तरीही १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले; ते पहिले हिंदी. १८६९ मध्ये चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. पुढे १८७६ साली वयाची मर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरले. परक्या भाषेत शिकणाऱ्या आपल्या पोराने तोवर विलायत गाठायची कशी? सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी याविरुद्ध देशभर दौरा केला. ही परीक्षा हिंदुस्थानात भरायला १९२२ साल उजाडले.

प्रश्नपत्रिका सर्वांना एकच होती, तपासणीत लबाडी नव्हती. अन्याय होता तो परीक्षेच्या दाराबाहेर.

हे दाराबाहेरचे अंतर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखले. त्यांनी वसतिगृहे काढली आणि १९०२ साली संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या.

मग परीक्षाच नको का? छे! ती गेली की वशिला पुन्हा ओसरीवर येऊन बसायचा. परीक्षा हवीच, पण ती कुठे भरते, कोणत्या भाषेत होते, तिथवर पोचायला काय पडते, हेही विचारले पाहिजे. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, निकालाचा कागद हाती आला की गुण जरूर पाहा. पण ते पोर किती लांबून चालत आले, तेही एकदा मनात मोजा.