पीसीओएस : वजनकाटा हलला नाही, तरी व्यायाम सोडू नका

दोन-दोन महिने पाळी न येणे, हनुवटीवर राठ केस उगवणे, मुरुमांनी पिच्छा न सोडणे. अशा तक्रारी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या अनेक तरुणींना 'पीसीओएस' अर्थात 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' असल्याचे निदान होते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. प्रजननक्षम वयातील साधारण दहा स्त्रियांपैकी एकीला हा विकार आढळतो.

औषधांच्या चिठ्ठीसोबत 'वजन कमी करा' हा सल्ला मिळतोच. मग जिममध्ये नाव घातले जाते. दोन महिने घाम गाळूनही काटा जागचा हलत नाही, आणि व्यायाम बंद पडतो. खरे नुकसान येथे होते.

या विकारात बहुतेक स्त्रियांचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवू लागते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरके वाढवण्यास भाग पाडते. परिणामी, बीज वेळेवर बाहेर पडत नाही व पाळी लांबते. पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. सडपातळ मुलीही याला अपवाद नाहीत. भारतीयांमध्ये तर तुलनेने कमी वजनातही हा दोष दिसतो.

व्यायामाचा घाव नेमका या साखळीवर बसतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. नंतरही एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. वजन तेवढेच राहिले तरी हा लाभ मिळतो. तो टिकाऊ नसल्याने रविवारी सिंहगड चढून उरलेला आठवडा खुर्चीत काढणे मात्र उपयोगाचे नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रियांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला की तो मध्यम समजावा. दमदार व्यायाम असल्यास ७५ ते १५० मिनिटे पुरतात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नव्हे, स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम हवा. बैठका किंवा डंबेल्स चालतील. वजन उतरवायचेच असेल, तर किमान २५० मिनिटे मध्यम व्यायाम लागतो. अमुकच प्रकार श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे महागड्या 'पीसीओएस पॅकेज'च्या मागे धावण्याचे कारण नाही.

चेहऱ्यावरील केस केवळ व्यायामाने जात नाहीत, त्यासाठी वेगळे उपचार लागतात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. नियमित व्यायामाने बीजोत्पत्ती पुन्हा सुरू होऊ शकते. त्यामुळे मूल नको असल्यास 'पाळीच अनियमित आहे' म्हणून निर्धास्त राहू नये. तीन महिने पाळी आली नाही, तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी लागू शकते. अशा वेळी व्यायाम वाढवून वाट पाहण्याऐवजी डॉक्टरांना भेटावे.