जुन्या बाईकच्या एअर फोर्कमधली हवा नेमकी जाते कुठे?

रात्री ठणठणीत उभी केलेली बाईक सकाळी पुढून खाली बसलेली दिसते. ब्रेक दाबला की नाक जमिनीकडे झुकतं, खड्डा आला की हँडलमध्ये ‘ठक्’ असा आवाज येतो. फोर्कच्या टोकावर अगदी टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हवा भरण्याचा. पेट्रोल पंपावर जायचं, नळी लावायची, काम फत्ते!

नेमकी इथेच गडबड होते. चार दिवसांनी हवा परत गेलेली असते आणि यावेळी सोबत फोर्कच्या पाईपवर तेलाचा ओघळही असतो. तो ओघळ खाली जातो तो थेट ब्रेकच्या डिस्कपर्यंत. म्हणजे प्रश्न सुरू झाला होता मऊ झालेल्या शॉकअपवरून आणि येऊन थांबला तो पुढचा ब्रेक लागेल की नाही, इथे.

हवा कमी झाली हे दुखणं नाही, लक्षण आहे. ती कुठून जाते हे शोधल्याशिवाय नुसती भरत राहणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणं.

एअर फोर्क म्हणजे काय?

१९७० च्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांनी मोठ्या बाईकच्या फोर्कमध्ये हवेचा वापर सुरू केला. सुझुकीच्या १९७८ च्या जीएस१००० मध्ये हवेची जोड असलेले फोर्क होते. १९८० मध्ये आलेल्या होंडाच्या गोल्डविंग जीएल११०० ला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे एअर सस्पेन्शन होतं. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली ही बाईक. कधी एकटा रायडर, कधी मागे जोडीदार आणि सामानाच्या पेट्या. वजन बदललं की स्प्रिंग बदलण्यापेक्षा थोडी हवा कमी-जास्त करणं सोपं, अशी त्यामागची कल्पना.

या फोर्कमध्ये फक्त हवा असते असा अनेकांचा समज होतो. तसं नाही. आत नेहमीची स्प्रिंग असते, तेल असतं आणि तेलाच्या वरच्या मोकळ्या जागेत दाबाखालची हवा असते. आजच्या काही मोटोक्रॉस बाईकमध्ये स्प्रिंगऐवजी पूर्णपणे हवाच काम करते, पण तो वेगळा प्रकार आहे. त्यातला दाबही बराच जास्त असतो. त्या फोर्कचे आकडे या फोर्कला लावू नयेत.

भारतात त्या काळात रस्त्यावर दिसणाऱ्या बुलेट, येझदी किंवा नंतरच्या आरएक्स १०० मध्ये असा व्हॉल्व्ह नव्हता. त्यामुळे बाहेरून आलेली जुनी जपानी बाईक दुरुस्तीला आली की इथला चांगला मेकॅनिकही आधी व्हॉल्व्हकडे पाहून थबकतो. पण आतलं बाकीचं सामान त्याच्या ओळखीचंच असतं.

हवा कोरडी गेली की तेलासकट?

सगळ्या शोधातला हा सर्वात कामाचा प्रश्न. बाईक उभी असताना फोर्कमध्ये तेल खाली आणि हवा वर असते. त्यामुळे हवा जात असेल आणि पाईप कोरडा ठणठणीत असेल, तर संशय वरच्या भागावर घ्यायचा. पाईपवर तेलाचं कडं दिसत असेल, तर खालचं ऑईल सील गेलं असण्याची शक्यता जास्त.

वरच्या भागात तीन संशयित असतात. पहिला म्हणजे व्हॉल्व्हची पिन. ही कारच्या टायरमध्ये असते तशीच असते, पंक्चरवाल्याकडेही मिळते आणि बदलायला दोन मिनिटं लागतात. साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडा आला तर चोर सापडला. दुसरा संशयित म्हणजे फोर्कच्या वरच्या झाकणाखालची ओ-रिंग. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, चपटं होतं. तिसरा संशयित काही मॉडेलमध्येच असतो, तो म्हणजे दोन्ही फोर्कना जोडणारी बारीक नळी. एकाच व्हॉल्व्हमधून दोन्हीकडे सारखी हवा जावी म्हणून ती असते. तिच्या दोन्ही टोकांच्या जोडांमध्येही छोट्या ओ-रिंग असतात. साबणाचं पाणी तिथेही लावायचं. बरेच जण नेमकी हीच जागा विसरतात आणि विनाकारण सील बदलून बसतात.

हवा मोजतानाच हवा जाते

हा भाग जरा नीट समजून घ्यायला हवा, कारण अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं.

एका फोर्कमधली हवेची जागा साधारण चहाच्या एका कपाएवढी असते. टायरमध्ये कित्येक लिटर हवा असते, त्यामुळे गेज लावताना ‘फुस्स’ झालं तरी फरक पडत नाही. फोर्कमध्ये मात्र त्या एका ‘फुस्स’मध्ये कित्येक पीएसआय निघून जातात. लांब नळीचं गेज असेल तर नळी भरायलाच बरीच हवा लागते. मालक आज १५ पीएसआय भरतो, उद्या मोजतो तर ९. फोर्क गळतोय असं त्याला वाटतं, पण हवा गेली ती मोजण्यात!

यावर उपाय म्हणजे सायकलच्या शॉकसाठी मिळणारा छोटा हातपंप. त्याच्या एका दट्ट्यात थोडीशीच हवा जाते आणि चांगल्या पंपाचं तोंड काढताना आतली हवा सुटत नाही. पेट्रोल पंपाचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही. या फोर्कना लागणारा दाब बहुतेक मॉडेलमध्ये टायरपेक्षाही कमी असतो, तर कॉम्प्रेसरच्या टाकीत त्याच्या कित्येक पट दाब असतो. क्षणभर जास्त वेळ नळी राहिली की सीलवर जोर येतो. नेमका आकडा त्या बाईकच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या भरायच्या असतील तर दाब सारखाच ठेवावा.

मोजणी बाईक थंड असताना करायची. बाईक मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली नीट आधार द्यायचा आणि पुढचं चाक उचलायचं, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होतो. चाक जमिनीवर असताना फोर्क थोडा दबलेला असतो, त्यामुळे आकडा जास्त दिसतो.

हवा बरोबर, तरी बाईक दणके देते?

मग तेल बघा. फोर्कमध्ये तेल जितकं जास्त, तितकी हवेला जागा कमी. समजा हवेचा स्तंभ १५ सेंटीमीटर आहे आणि गेजवर १५ पीएसआय आहे. फोर्क १० सेंटीमीटर दबला की हवा एक तृतीयांश जागेत येते आणि गेजच्या भाषेत दाब ७५ पीएसआयच्या आसपास जातो. आता कुणीतरी अंदाजाने तेल ओतलं आणि पातळी फक्त २ सेंटीमीटर वर गेली, तर तेवढ्याच दणक्याला दाब ११५ च्या घरात पोहोचतो. हे ढोबळ गणित आहे, पण ‘थोडं जास्त तेल घातलं तर काय बिघडतं’ याचं उत्तर त्यात मिळतं.

म्हणून मिलिलिटर मोजून थांबू नये. जुनं तेल कधीच पूर्ण निघत नाही. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. मॅन्युअलमध्ये हे अंतर दिलेलं असेल तर तेच धरायचं. त्या काळातल्या अनेक होंडांना फोर्कमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सांगितलेलं असे, हे वाचून दचकू नये.

दुसरं कारण उलटं आहे, ते म्हणजे हवा जास्त होणं. आतला दाब सीलची ओठासारखी कड पाईपवर घट्ट दाबतो. त्यामुळे फोर्क छोट्या खड्ड्यांना हलतच नाही, अडकत अडकत चालतो. मालकाला वाटतं स्प्रिंग कडक आहे.

सील बदलण्याआधी

तेलाचं कडं दिसलं म्हणजे सील फाटलंच असं नाही. कधी फक्त मातीचा कण अडकलेला असतो. वरचं धुळीचं रबर सरकवून, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी सीलच्या कडेखाली हळूच फिरवली की तो निघतो. थोडं जुगाडू वाटतं, पण जगभरचे मेकॅनिक हे करतात.

त्याने भागलं नाही तर पाईपवरून नख फिरवून बघायचं. क्रोमवर गंजाचा खड्डा नखाला लागला, तर नवीन सीलही काही दिवसांत कापलं जाणार. अशा वेळी खर्च पाईपवर करावा लागतो. सील घेतानाही नुसतं माप जुळवून भागत नाही. एअर फोर्कसाठी सांगितलेलंच सील हवं, कारण त्याला तेलासोबत हवाही अडवायची असते.

खोलताना क्रम महत्त्वाचा. सर्वात आधी चेहरा बाजूला ठेवून, वर कापड धरून व्हॉल्व्हची पिन हळू दाबायची आणि सगळी हवा सोडायची, कारण हवेसोबत तेलाचा फवाराही येतो. मग खालचा ॲलन बोल्ट सैल करायचा. आत स्प्रिंगचा दाब असेपर्यंतच तो बरा सुटतो, नंतर आतली नळी त्याच्यासोबत गोल फिरत बसते. वरचं झाकण शेवटी काढायचं आणि तेही हाताने दाबून धरत, कारण खाली दबलेली स्प्रिंग असते. नवीन सील बसवताना पाईपच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवली की सीलची कड फाटत नाही.

डिस्कवर तेल गेलं असेल तर ती ब्रेक क्लीनरने पुसून चालतं. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर मात्र पॅड बदलावेत. घासून, तापवून वाचवलेल्या पॅडवर घाट उतरायला जाऊ नये.

हवा काढूनच टाकली तर?

अनेक जुन्या गोल्डविंगवाल्यांनी तेच केलं आहे. चाळीस वर्षं दबून थकलेल्या स्प्रिंगच्या जागी थोड्या कडक नवीन स्प्रिंग टाकायच्या आणि हवा शून्य किंवा अगदी कमी ठेवायची. सीलवरचा ताण कमी होतो, रोज मोजायची कटकट जाते. मूळ रूप जपणाऱ्यांना हे पटत नाही, पण जोडनळीसारखे सुटे भाग मिळत नसतील तर हा मार्ग शहाणपणाचा. फक्त जुनी स्प्रिंग तशीच ठेवून हवा काढली, तर सकाळी बाईक पुन्हा पुढून खाली बसलेली दिसेल.