अल्बर्टची भीती, पीटरचा ससा

मूल जेवेनासे झाले की बागुलबुवाला हाक मारण्याची रीत आपल्या घराघरांतून फार जुनी आहे. मूल घाबरते, मुकाट्याने घास गिळते आणि आईचे काम सोपे होते. त्या घासाबरोबर बालकाच्या मनात आणखी काय उतरते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मानसशास्त्राने तो प्रश्न प्रयोगशाळेत नेला, त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली.

या कथेचे मूळ रशियात आहे. रियाझान येथील एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंचे पुत्र इव्हान पावलोव्ह हे सेमिनरीतील शिक्षण सोडून १८७० साली विज्ञानाकडे वळले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचे मोजमाप करीत असताना त्यांच्या ध्यानी आले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, केवळ ते येत असल्याच्या खुणेनेही लाळ सुटते. एखादी निरर्थक खूण अन्नाशी पुनःपुन्हा जोडली की ती खूणच पुढे अन्नाचे काम करते. या क्रियेला आपल्या पाठ्यपुस्तकांतून 'अभिसंधान' म्हणतात.

अमेरिकेत या विचाराचा ध्वज जॉन ब्रॉडस वॉटसन यांनी उंच धरला. त्यांचा जन्म १८७८ साली दक्षिण कॅरोलिनात झाला. माता कडव्या बाप्टिस्ट श्रद्धेची. मुलाने धर्मोपदेशक व्हावे या आशेने तिने एका नामवंत उपदेशकाचेच नाव त्याला ठेवले होते. पुत्राने उपदेश केला खरा, पण तो निराळाच! १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी प्रतिपादन केले की, मानसशास्त्राने मन, जाणीव, भावना यांच्या मागे न लागता डोळ्यांना दिसणारे वर्तन तेवढे अभ्यासावे. हाच वर्तनवाद. माणूस जे आहे ते बव्हंशी शिकून झाला आहे, असे त्यांचे मत होते. मग भीतीही शिकविता येईल काय?

त्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकारी रोझाली रेनर यांनी एक बालक निवडले. बाल्टिमोर येथील बालरुग्णालयात त्याची आई बाळांना दूध पाजणारी दाई म्हणून काम करीत असे. लेखात त्याचे नाव 'अल्बर्ट' असे दिले आहे. नऊ महिन्यांचा असताना तो पांढरा उंदीर, ससा, कुत्रा यांपैकी कशालाही भ्याला नाही. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याच्यापुढे उंदीर ठेवण्यात आला आणि त्याने हात लावताच पाठीमागे टांगलेल्या चार फुटी पोलादी कांबीवर हातोडा हाणण्यात आला. प्रथम दोनदा, आठवड्याने आणखी पाच वेळा. त्यानंतर नुसता उंदीर दिसला तरी बालक रडत दूर रांगू लागले. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांच्या दर्शनानेही ते अस्वस्थ झाले; सांताक्लॉजचा मुखवटाही त्याला नकोसा झाला.

हे सारे १९२० साली छापून आले. शिकविलेली भीती काढून टाकण्याचा प्रयोग मात्र झालाच नाही. अखेरच्या चाचणीच्याच दिवशी अल्बर्टला रुग्णालयातून नेण्यात आले. तो जाणार हे प्रयोगकर्त्यांना महिनाभर आधी ठाऊक होते! प्रयोगाच्या पद्धतीतील उणिवा पुढे अनेकांनी दाखविल्या. मला हीच सर्वांत मोठी वाटते. अल्बर्ट नेमका कोण, याविषयी २००९ आणि २०१४ साली संशोधकांनी दोन वेगवेगळी नावे पुढे केली. त्यांचे एकमत नाही. वॉटसन यांना रेनरबरोबरच्या प्रेमप्रकरणामुळे त्याच वर्षी विद्यापीठ सोडावे लागले आणि ते जाहिरात व्यवसायात शिरले. १९२८ साली त्यांनी मातांसाठी पुस्तक लिहून मुलांना कुरवाळू नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला.

रेनर यांची एक मैत्रीण होती, मेरी कव्हर जोन्स. वॉटसन यांचे व्याख्यान ऐकून या तरुणीच्या मनात उलटा प्रश्न आला: भीती शिकविता येते, तर ती विसरविता येईल काय? न्यूयॉर्क येथील एका संस्थेत राहणाऱ्या सुमारे सत्तर मुलांवर तिने निरनिराळे उपाय करून पाहिले. समजावून सांगणे, चेष्टा करून लाजविणे, काही काळ त्या वस्तूपासून दूर ठेवणे. यांतील कशानेही खात्रीचे यश आले नाही. (आपण मोठी माणसे नेमके हेच करीत असतो!)

तेथे सुमारे तीन वर्षांचा पीटर होता. ससा, उंदीर, पिसे, कापूस, सर्वांचे त्याला भय. सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळू दिले. तो हळूहळू धीट होऊ लागला. मग स्कार्लेट तापाने तो जवळजवळ दोन महिने रुग्णालयात पडला. परतताना टॅक्सीत चढतेवेळी एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला आणि कमावलेले सारे गेले. जोन्सबाईंनी पुन्हा आरंभ केला. पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खाई, तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यातील ससा दूरवर ठेवला जाई. त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही एवढाच तो दरवेळी जवळ सरके. प्रगती सरळ रेषेत झाली नाही; कधी एखादे पाऊल मागेही घ्यावे लागले. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला, त्याला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. कापूस, पिसे व केसाळ कोट यांचे भयही गेले.

हा वृत्तान्त १९२४ साली प्रसिद्ध झाला आणि बराच काळ दुर्लक्षित राहिला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी भयग्रस्तांसाठी पायरीपायरीने उपचार करण्याची जी पद्धत मांडली, तिचे मूळ पीटरच्या त्या खुर्चीपाशी सापडते. जोन्सबाई १९८७ साली निवर्तल्या. त्या लेखात त्यांनी एक धोक्याची सूचना करून ठेवली होती: हे काम नाजूक हातांनी करावयाचे असते, कारण ससा घाईने जवळ आणला तर त्याचे भय जाण्याऐवजी मूल खाऊलाच भिऊ लागेल.