टर्बोच्या तेलनळीची गोष्ट

आजची नोंद पिकाची नाही, यंत्राची आहे.

पुतण्याच्या जुन्या डिझेल गाडीचा टर्बो गेला, म्हणून आम्ही दोघांनी घरीच, गोठ्यापुढच्या फरशीवर नवा बसवला. आठव्या दिवशी तोही जाम. उसाच्या बिलातले पैसे गेले. टर्बोला तेल देणारी जुनी नळी आम्ही डिझेलनं धुऊन तीच परत लावली होती. नंतर कापून बघितली तर आत काळा कोळसा धरलेला, सायकलची तारसुद्धा जाईना. दोष आमचाच. मग हे यंत्र आलं कुठून आणि त्याला तेलाचं एवढं काय, ते शोधत बसलो.

कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. इंजिनाचा गरम धूर वायाच जातो. त्याच्यावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं, ते इंजिनात जादा हवा कोंबणार. जादा हवा म्हणजे जादा डिझेल जळणार आणि ताकद वाढणार. कागदावर सोपं वाटतं, पण नाव घेण्यासारखं यश यायला १९२५ उजाडलं. तेव्हा त्यानं जहाजाचं १० सिलिंडरचं डिझेल इंजिन १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर नेलं. मधली २० वर्षं गेली ती मुख्यतः एवढी उष्णता सोसणारा धातू आणि एवढ्या वेगात टिकणारं बेअरिंग नव्हतं म्हणून.

मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक डोंगरावर, १४००० फुटांवर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडला तर ३५६. डोंगरावर इंजिन चढवून मोजायचं, ही जिद्द मला फार आवडली.

ट्रॅक्टरवाल्यांनो, आपला नंबर १९६१ चा. अॅलिस-चाल्मर्स कंपनीनं डी-१९ या डिझेल ट्रॅक्टरला कारखान्यातच टर्बो लावला, कारण त्याच मॉडेलच्या पेट्रोल ट्रॅक्टरपुढे डिझेलवाला कमी पडत होता. पुढच्याच वर्षी मोटारगाड्या आल्या, ओल्ड्समोबाईल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर. जेटफायरला पाणी आणि मिथेनॉल भरायची वेगळी टाकी होती. लोक ती भरायलाच विसरायचे. दोन वर्षांत ते मॉडेल बंद. माणूस सगळीकडे सारखाच.

तेलाचं खरं दुखणं मोटारगाडीत वाढलं. जहाजाचं इंजिन तासन् तास एकसारखं चालतं, शेजारी माणूस उभा असतो. गाडीवाला घाट चढून आला की लगेच चावी बंद करतो. टर्बो लालबुंद, दांडा मिनिटाला लाखभर फेरे मारत आलेला आणि तेल एकदम थांबलं. आत राहिलेलं तेल तिथंच भाजून कोळसा होतं. साबची ९९ टर्बो १९७७ मध्ये आली, मग टर्बोगाड्या वाढल्या आणि ही तक्रारही वाढली. ऐंशीच्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी टर्बोच्या मधल्या भागाभोवती रेडिएटरचं पाणी फिरवायला सुरुवात केली. तरी गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ मंद चालू ठेवा, हा सल्ला तेव्हाचाच, आजही लागू आहे.

या टर्बोत दांडा आणि बुश एकमेकाला टेकत नाहीत, मध्ये तेलाचा पातळ पदर असतो. तो तुटला की काही सेकंदांत खेळ खलास. तेल देणारी नळी बारीक, दाबाची, आपल्या ठिबकच्या नळीसारखी. परत नेणारी मात्र जाड लागते, कारण फेसाळलेलं तेल फक्त वजनानं खाली उतरतं. तिला झोल नको, आणि तिचं तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर हवं. कृष्णाकाठी पाणी सगळ्यांनी आणलं, निचऱ्याची चारी थोड्यांनीच काढली, आणि जमिनी क्षारपड झाल्या. इथंही तसंच. इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल तर तेल खाली उतरत नाही, टर्बोत तुंबतं आणि निळा धूर येतो. लोक म्हणतात सील गेलं. तिथं रबरी सील नसतंच, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक रिंग असते.

तर पुढचा टर्बो बसवताना नळी नवी, तांब्याचे वायसर नवे, तेल आणि फिल्टर नवं. टेप नाही, गॅस्केटचं सोल्युशन नाही, त्याचा तुकडा सुटला की बारीक भोक बुजतं. टर्बोच्या तोंडात तेल ओतून चक्र हातानं फिरवलं. डिझेल बंद करणाऱ्या कॉकची वायर काढली, परतीच्या नळीखाली मग धरला आणि थांबून थांबून सेल्फ मारला. तिसऱ्या सेल्फला धार आली. मग नळी जोडली, वायर लावली, गाडी चालू केली. पहिली पाच मिनिटं मी पुतण्याचा पाय अॅक्सिलेटरवर पडू दिला नाही.