तबकडीवरील नांवें

चित्रपटसंगीताचा इतिहास म्हणजे संगीतदिग्दर्शकांची आणि गायकांची वंशावळ, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झालेली दिसते. कोणी कोणत्या सालीं कोणत्या चित्रपटास चाली दिल्या, कोणतें गीत कोणत्या रागावर बेतलेलें आहे, याच्या याद्या पुष्कळ झाल्या. परंतु ज्यानें तें संगीत ऐकलें, मनांत घोळविलें, त्यावर शेजाऱ्याशीं वाद घातला आणि प्रसंगीं पोस्टाचें कार्ड खर्चून आपलें मत दूरच्या नभोवाणी-केंद्रास कळविलें, तो श्रोता या इतिहासांत कोठेंच येत नाहीं. हा त्याच्यावर अन्याय तर आहेच. पण त्यामुळें इतिहासही अपुरा राहतो, कारण कांहीं गोष्टी या श्रोत्यानें प्रत्यक्ष घडवून आणल्या आहेत.

आम्ही राहतों त्या बुलढाण्याचाच दाखला घेऊं. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून मलकापूर, नांदुरा, शेगांव असा निघून जातो. कापसाच्या व्यापारासाठीं जलंबहून खामगांवला एक फांटा फुटला. जिल्ह्याचें मुख्य ठाणें मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, घाटावर, रेल्वेवांचूनच राहिलें. वितरकांच्या वहींत हा मुलूख 'सी. पी. बेरार' म्हणून ओळखला जातो. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० सालीं नकाशावरून गेला, वऱ्हाड १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. पण सिनेमाच्या व्यापाऱ्यांनीं जुनें नांव कांहीं टाकलें नाहीं! अशा मुलखांत चित्रपट पोंचे तो शिळा होऊन. त्याचें गाणें मात्र चहाच्या हॉटेलांतील रेडिओवरून केव्हांच येऊन गेलेलें असे. आधीं गाणें, मग चित्रपट, आणि खेड्यापाड्यांतील कित्येकांच्या बाबतींत चित्रपट कधींच नाहीं, असा हा क्रम होता. पुढील सारी हकीकत समजण्यास हा क्रम ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

संगीतावर मत देण्याची रीत वऱ्हाडाला अनोळखी नव्हती. केशवराव भोळे हे अमरावतीचे. जन्म १८९६ चा. 'एकलव्य' हें टोपणनांव घेऊन त्यांनीं समकालीन गायकांवर लिहिलें, आणि तें भिडेस न पडतां लिहिलें. पुढें हेच टीकाकार प्रभात कंपनींत संगीत देऊं लागले. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) हीं त्यांचींच कामें. 'संत तुकारामा'साठीं शांताराम आठवले यांनीं रचलेला एक अभंग इतका बेमालूम वठला कीं, तो गाथेंत कोठें आहे याचा शोध जाणत्या मंडळींनीं चालविला होता. कवीचें नांव असें कामाच्या आड जावें, यांत त्याचा गौरवच आहे. पण नांव व्यापारासाठीं दडविलें जातें, तेव्हां प्रकार निराळा होतो.

बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ सालीं आला. त्यांतील गूढ गीताला चाल खेमचंद प्रकाश यांची आणि आवाज लता मंगेशकरांचा. परंतु तबकडीवर गायिका म्हणून नांव छापलें होतें 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचें. १९३५ सालच्या 'धूपछांव'पासून पार्श्वगायन सुरू झालें होतें, तरी आवाज एकीचा आणि ओठ दुसरीचे ही युक्ति फार बोभाटा न होतां चालावी, असा व्यापाऱ्यांचा रोख असे. श्रोत्यांस तें मानवलें नाहीं. ही कामिनी कोण, असें विचारणारीं पत्रें नभोवाणीकडे इतकीं गेलीं कीं, अधिकाऱ्यांना कंपनीकडे चौकशी करून खरें नांव जाहीर करावें लागलें. कोणत्याही परिषदेनें ठराव केला नव्हता, कोणत्याही विद्वानानें लेख लिहिला नव्हता. केवळ कार्डांनीं हें काम केलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं नांवांचा दुसरा झगडा उभा राहिला. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे नभोवाणीखातें आलें. गृहस्थ मराठी, ध्रुपदाची तालीम घेतलेले, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांनीं चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लावली. गीताबरोबर चित्रपटाचें नांव सांगणें ही जाहिरात होय, म्हणून तें गाळून गायकाचें तेवढें सांगावें, असाही दंडक निघाला. निर्मात्यांनीं चिडून गीतें वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. केसकरांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. अभिजात संगीताला त्यांच्या काळांत नभोवाणीवर जो मान मिळाला, तो लहानसहान नव्हे. परंतु लोकांची रुचि सरकारी वेळापत्रकानें सुधारेल, ही त्यांची कल्पना भाबडी होती. श्रोत्यानें कांटा फिरविला आणि थेट सिलोन गांठलें.

३ डिसेंबर १९५२ रोजीं रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभीं ती एक स्पर्धाच होती: सात गीतें ऐकावयाचीं, तीं कालक्रमानें लावावयाचीं आणि शंभर रुपयांच्या बक्षिसाची वाट पाहावयाची. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रें आलीं. वर्षाच्या आंत हा आंकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. पुढें स्पर्धा जाऊन लोकप्रियतेची उतरंड आली. तबकड्यांचा खप आणि गांवोगांवच्या श्रोतासंघांचीं मतें यांच्या आधारें प्रत्येक गीताचें 'पायदान' ठरूं लागलें. आमच्या लहानपणीं, १९७० नंतरच्या दशकांत, बुधवारीं रात्रीं आठाच्या सुमारास घरोघर ही मोजदाद चाले. लघुलहरींचा आवाज समुद्राच्या भरतीसारखा चढे-उतरे. नेमकें पहिलें पायदान आलें कीं तो बुडे, आणि मग दुसऱ्या दिवशीं शाळेच्या वाटेवर खरें काय झालें यावर तंटा होई.

या कार्डांना टीका म्हणावें काय? आम्ही जरा हात राखूनच होय म्हणूं. पुढें फर्माईश पाठविणाऱ्यांत बिहारांतील (आतां झारखंडांतील) झुमरी तलैया हें गांव देशभर गाजलें, तें कांहीं तेथील संगीतज्ञानामुळें नव्हे. गाण्याआधीं आपलें, घरच्यांचें, मित्रांचें आणि गांवाचें नांव हवेंतून ऐकूं यावें, ही खरी हौस होती. आडगांवच्या माणसाची ही हौस हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. त्याचें नांव दुसऱ्या कोठें उच्चारलें जाण्याचा संभव तरी काय होता? पण कोणतें गीत आवडलें एवढेंच तो सांगे. कां आवडलें, हें कार्डावर मावत नसे. 'एकलव्या'ची परंपरा तेथें खंडित झाली.

आणखी एक उणीव राहिली, ती मात्र श्रोत्याच्या दोषानें नव्हे. जुन्या तबकडीच्या एका अंगावर साडेतीन मिनिटांच्या आसपास ध्वनि मावे. तेवढ्यांत गीत बसे, पार्श्वसंगीत बसत नसे. तें ऐकावयाचें तर चित्रपटगृहांतच, आणि तेंही संवादांच्या आडून. घाटाखालच्या ज्या शेतकऱ्यानें चित्रपट पाहिलाच नाहीं, त्याच्या लेखीं चित्रपटसंगीताचा हा अर्धा भाग अस्तित्वांतच नव्हता. १९७५ च्या 'शोले'नें त्यांत थोडी फट पाडली. संवादांच्या तबकड्या निघाल्या, मंडपामंडपांतून कर्ण्यावर वाजल्या, आणि संवादांच्या पाठोपाठ राहुल देव बर्मन यांचें पार्श्वसंगीतही कानीं पडलें. गब्बरचें बोलणें पोरासोरांना मुखोद्गत झालें. त्याच चित्रपटांत जय जो तोंडाचा बाजा वाजवितो, तो प्रत्यक्षांत वाजविणारे भानु गुप्ता; त्यांचें नांव विचारणारें कार्ड कोणी धाडल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.

आज आमच्या वर्गांतील मुलें पार्श्वसंगीत मोबाईलवर वेगळें काढून ऐकतात आणि त्यावर हमरीतुमरीवर येतात. 'सैराट'चें (२०१६) संगीत अजय-अतुल यांनीं लॉस एंजेलिसला जाऊन तेथील वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलें. एकाचें म्हणणें असें कीं, करमाळ्याच्या मातीला इतकीं व्हायोलिनें जड होतात. दुसरी म्हणते, त्या दोघांच्या डोक्यांतलें वेड तेवढेंच मोठें होतें, मग वाद्यें कमी कां असावींत? दोघेंही 'कां' तें सांगतात, हें पाहून आम्हांस संतोष वाटतो.

याच मंडळींना आम्ही 'कुंकू' कान देऊन पाहण्यास सांगितलें. त्या चित्रपटांत पार्श्वसंगीत योजलेलें नाहीं. घरांतले नेहमींचे आवाज, घड्याळाची टिकटिक, एवढ्यावरच प्रसंग उभे केले आहेत. नामावळींत संगीतदिग्दर्शक म्हणून भोळे यांचें नांव आहे, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मग संगीत न देण्याचें श्रेय दोघांपैकीं कोणाचें, यावर मुलांत दोन तट पडले असून तो वाद अजून मिटलेला नाहीं.