पुष्पिका नसलेली मारामारी : मिरजगाव आणि ‘कुंग फू’ची कॅसेट

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना पुष्पिकेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पोथीच्या अखेरच्या त्या दोन-चार ओळींत शक, गाव, लेखनिकाचे नाव आणि क्वचित त्याची पाठदुखीची तक्रारही सापडते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल आणि सच्चिदानंदबाबांचे नाव आले नसते, तर मराठीच्या प्राध्यापकांना वाद घालण्यासाठी आणखी एक विषय मिळाला असता. ते नेवासे ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगाव हे बाजाराचे गाव वसले आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या गावातील काही घरांत एक कृती येऊन पोहोचली. तिला कर्ता होता, काळ होता, मूळ संहिताही होती. पण गावात येईपर्यंत हे सारे पुसले गेले होते. ती कृती म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचा ‘कुंग फू’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. संहितेच्या प्रवासाचा इतका जवळचा आणि इतका दुर्लक्षित दाखला आम्हांला तरी दुसरा आठवत नाही.

प्रथम पुसलेली पुष्पिका वाचून घेऊ. हा खेळ इरेम या जपानी कंपनीने १९८४ साली सार्वजनिक खेळयंत्रासाठी काढला. त्याची आखणी ताकाशी निशियामा यांची. त्याच वर्षी जॅकी चॅनचा ‘व्हील्स ऑन मील्स’ हा चित्रपट आला होता. जपानात तो ‘स्पार्टन एक्स’ या नावाने लागला, आणि खेळालाही जपानात तेच नाव मिळाले. नायक थॉमस आणि पळवून नेलेली सिल्व्हिया ही नावे चित्रपटातूनच उचललेली. मजले चढत जाऊन प्रत्येक मजल्यावर एकेका वस्तादाशी झुंजण्याची कल्पना मात्र ब्रूस लीच्या मृत्यूनंतर, १९७८ साली, पुरा करून प्रदर्शित झालेल्या ‘गेम ऑफ डेथ’ची. १९८५ साली निन्टेन्डोने आपल्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी याची आवृत्ती काढली, आणि आपल्याकडे पोहोचली ती हीच.

खेळाचा विस्तार तो किती! पाच मजले. पहिल्या मजल्यावर नायक उजवीकडून डावीकडे चालतो, दुसऱ्यावर उलट. समोरून येणारी माणसे ठोसे मारीत नाहीत. ती येऊन कमरेला मिठी मारतात, आणि मिठी सुटेपर्यंत वरच्या पट्टीतील शक्ती झरत राहते. सुरे फेकणारे येतात, वरून पडलेल्या भांड्यांतून साप निघतात. मजल्याच्या टोकाला कधी काठीवाला, कधी धिप्पाड मल्ल, कधी जादूगार. पाचव्या मजल्यावर सिल्व्हिया सुटते, आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यापासून, जरा अधिक कठीण होऊन, सुरू होतो. फलश्रुती नाही. सुटका ही पुढल्या पळवापळवीची नांदी असावी, हे आख्यानशास्त्राच्या दृष्टीने मोठे निष्ठुर आहे. पण पोरांना त्याचे काही वाटत नसे.

आता ही आवृत्ती मिरजगावी पोहोचली कशी? फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. जगभरात या यंत्राचे सुमारे ६ कोटी १९ लाख नग खपल्याचे कंपनीचे आकडे सांगतात. त्या आकड्यांत नकला नाहीत, आणि आमच्या खेड्यांचा इतिहास सगळा नकलांचा आहे. पूर्व आशियात या यंत्राच्या हुबेहूब चालणाऱ्या प्रती निघाल्या. भारतात त्या ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी विकल्या गेल्या. शहरातल्या दुकानातून, शहरात राहणाऱ्या मामाकडून किंवा काकाकडून, सुट्टीला आलेल्या भावंडाच्या पिशवीतून त्या गावात आल्या. अँटेनाची तार काढून तिच्या जागी यंत्राची तार खोचायची, दूरचित्रवाणीची कळ फिरवीत राहायचे, आणि मुंग्यांच्या पडद्यातून अचानक चित्र उमटायचे. सुकाणूला सगळे ‘रिमोट’ म्हणत, जरी त्याला वायर होती. आणि खेळाच्या पिवळ्या प्लास्टिकच्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत, जरी तीत फीत नव्हती. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या दोन शब्दांकडे पाहावे. घरात आधी आलेल्या वस्तूंची नावे नंतर आलेल्या वस्तूंनी किती सहज अंगावर घेतली!

या कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ असे काही छापलेले असे. प्रत्यक्षात आत दोन-चार डझन खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या नावांनी किंवा वेगळ्या मजल्यापासून सुरू होणारे म्हणून, यादीत आलेले असत. पडद्यावरील कंपनीची आणि सालाची ओळ पुष्कळदा खोडलेली असे. ही खाडाखोड अजाणतेपणी झालेली नव्हती. ज्याची प्रत चोरायची त्याचे नाव ठेवणे परवडत नाही, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. आमच्या परंपरेत नाव गळाले ते बहुधा भक्तीने किंवा विस्मृतीने. येथे ते धंद्याच्या गणिताने गळाले.

त्याच गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गावात हा खेळ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, काही घरांत त्याच्याही नंतर, नवा म्हणून खेळला गेला. जपानात तो तेव्हा दहा-बारा वर्षांचा जुना झाला होता. याला ‘खेडे मागासलेले’ हे ठराविक उत्तर देऊन चालणार नाही. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या काळातले खेळ आकाराने इवलेसे होते. ‘कुंग फू’ अवघा ४० किलोबाइटांचा. कोनामी कंपनीचा ‘यी आर कुंग फू’, ज्यात काठी, साखळी आणि अग्निगोल घेऊन पाच प्रतिस्पर्धी एकामागून एक समोर येतात, तो तर २४ किलोबाइटांचा. पुढचे मोठे खेळ चालण्यासाठी कॅसेटीत जादा चिप लागे. यांना ती लागत नसे. साहजिकच नकलाकारांनी एका डबीत डझनावारी कोंबले ते हेच जुने, छोटे खेळ. कोणती संहिता टिकावी हे रसिकांनी ठरवले नाही, तिच्या आकाराने ठरवले. लहान स्तोत्रांच्या प्रती घरोघरी सापडतात आणि मोठे ग्रंथ मठाच्या कपाटात राहतात, यामागेही असेच काहीसे कारण असावे असा आमचा तर्क आहे.

परंतु आमचे कुतूहल खरे चाळवले ते निराळ्याच गोष्टीने. हा खेळ ज्या प्रदेशात आला तेथे मारामारी पाहण्याची एक जुनी, शिस्तबद्ध, अत्यंत चोखंदळ परंपरा होती. नगर जिल्हा हा तालमींचा. गावोगावच्या जत्रेत देवाची पालखी आणि छबिना जितका महत्त्वाचा, तितकाच दुसऱ्या दिवशीचा कुस्त्यांचा हगामा. हलगी कडाडते, पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, इनामाची रक्कम चढत जाते आणि उन्हे कलता कलता मोठी जोड लागते. कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला ढाक कधी बसणार हे पैलवानाच्या आधी कळते. कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही. एका क्षणी दोन्ही खांदे मातीला टेकले की चितपट. त्या आधी कोण किती दमला, कोणाला किती लागले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. हगाम्यात निकाली कुस्तीची मागणी होते ती यासाठीच.

‘कुंग फू’चे जग याच्या नेमके उलट. तेथे एकही क्षण निर्णायक नाही. प्रत्येक लाथेने पट्टी थोडी सरकते, आणि पट्टी संपली की माणूस संपतो. पराभव ही तेथे वजाबाकी आहे. आणि गंमत अशी की, या खेळात शत्रूचे सर्वांत त्रासदायक हत्यार म्हणजे मिठी, म्हणजे आमच्या पैलवानाची मूळ पवित्र्यातली पकड. ज्याला तालमीत वस्ताद ‘अंगाला भीड’ म्हणून सांगतो, तेच येथे गुंडांचे लक्षण. आमच्यातील एकाने मिरजगावातील नातलगांच्या घरी हा खेळ चालू असताना मागे बसलेल्या आजोबांना ‘अरे, पट काढ त्याचा, लाथा काय झाडतोस’ असे म्हणताना ऐकलेले आहे. नातवाजवळ पट काढण्याची कळच नव्हती. दोनच कळा, एक ठोशाची आणि एक लाथेची. डावांच्या समृद्ध कोशाचा वारस असलेला मुलगा दोन शब्दांच्या भाषेत लढत होता, आणि त्याला ती पुरत होती.

याला ऱ्हास म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि म्हणूनच आम्ही ते टाळतो. पट्टीचा एक गुण नाकारता येत नाही : तिच्याशी वाद घालता येत नाही. अहिल्यानगर येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला आणि प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेले, हे सर्वांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात आणखी एक महाराष्ट्र केसरी स्पर्धा खुद्द कर्जतला, म्हणजे मिरजगावच्या तालुक्याच्या गावी, भरली आणि वेताळ शेळके विजयी झाला. एका वर्षात दोन केसरी! कुस्तीचा निकाल माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, आणि तिचे सौंदर्यही तेथेच आहे. यंत्रातला खेळ गावातल्या पोराला पहिल्यांदाच असा पंच देत होता ज्याला भावकी नव्हती. कोणाचा मुलगा, कोणाच्या वाड्यातला, हे त्याला विचारता येत नसे. हरणाऱ्याने दोष द्यायचा तो रिमोटच्या कळीला, आणि तोही दिला जाईच.

प्रक्षिप्ताची गोष्ट केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९९१ साली कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि मारामारीच्या खेळांचे व्याकरणच बदलले. (मूळ ‘स्ट्रीट फायटर’, १९८७, हा आपल्या त्याच निशियामांचा.) हा दुसरा भाग फॅमिकॉमवर अधिकृतपणे कधीच निघाला नाही, त्या यंत्राची तेवढी कुवत नव्हती. तरीही फॅमिकॉमच्या नकली यंत्रांवर तो खेळला गेला, कारण तैवानमधील अनधिकृत कारागिरांनी तो त्या दुबळ्या यंत्रासाठी नव्याने रचला. हालचाली तुटक, आवाज भलतेच, काही प्रतींत लढवय्ये कमी तर काहींत त्याच आकृतींचे रंग बदलून वाढवलेले. १९९३ च्या ‘कार्ट फायटर’मध्ये तर निन्टेन्डोच्या मारिओला त्याच्या मालकांना न विचारता आखाड्यात उतरवले होते. मूळ कर्त्याने न लिहिलेला अध्याय त्याच्याच नावावर खपणे मराठी वाचकाला नवे नाही. १५८४ साली एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली ती अशाच गर्दीतून. फरक इतकाच की, येथे कोणी एकनाथ आले नाहीत, आणि खेळणाऱ्यांपाशी मूळ प्रत नसल्यामुळे प्रक्षिप्त हेच प्रमाण ठरले.

त्या मूळ संहितेत एक भारतीय होता, धालसिम. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, योगाने लांबणारे हातपाय. पैलवान नव्हे, जोगी. भारतीय म्हणजे अध्यात्म हे समीकरण जपानी चित्रकारांनाही सुटले नाही. कुस्तीगीर भारतीय यायला १९९६ चा ‘स्ट्रीट फायटर ईएक्स’ उजाडावा लागला. त्यातला दारुन मिस्टर हा मल्ल भारतीय म्हणून दाखवला आहे, जरी ते नाव भारतातल्या कोणत्या गावात ठेवतात हे आम्हांला उमगलेले नाही. गामा पैलवानाच्या देशाला मिळालेला हा वाटा. भारतात संपूर्ण घडवलेला घरगुती यंत्रावरचा पहिला खेळ म्हणून गाजलेला ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ २००९ साली प्लेस्टेशन २ वर आला. बलोपासनेचे दैवतच नायक. पण त्या खेळाची चर्चा झाली ती मुख्यतः देवाला खेळगडी करावे की नाही या वादामुळे. शिवाय तोवर मिरजगावातल्या त्या पहिल्या पिढीची पोरे कामधंद्याला लागली होती.

या पिढीच्या खेळाला आणखी एक अदृश्य प्रतिस्पर्धी होता. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाच्या छायेत होता. दिवसाचे कित्येक तास वीज नसे. ‘कुंग फू’त खेळ साठवून ठेवण्याची सोय नाही. चौथ्या मजल्यावर पोहोचलेला थॉमस वीज गेली की नाहीसा होई आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्या मजल्यावर उभा राही. क्योटोत किंवा ओसाकात खेळणाऱ्या मुलाला हा खेळ पाच मजल्यांचा वाटला असेल. येथे त्याची लांबी वीज वितरणाच्या वेळापत्रकाने ठरत असे. एकाच संहितेची ही दोन वाचने आहेत, आणि दुसरे कोठेही नोंदलेले नाही.

त्या पिवळ्या कॅसेटी आता भंगारात गेल्या. एखादी सापडलीच तर तिचे दोन पत्रे उघडून पाहावेत. आत हिरवी पट्टी असते आणि तिच्या मध्यभागी काळ्या राळेचा घट्ट थेंब; चिप त्याच्याखाली. एरवी चिपेच्या पाठीवर करणाऱ्याचे नाव आणि आठवडा छापलेला असतो. येथे त्या जागी नुसती राळ आहे.